दहा मिनिटं आधी सुटलेला रोजा

रमजान लागला की नागपूरच्या टिमकीतल्या मारोतरावांच्या छापखान्यात कोणी जोरात शिंकतसुद्धा नाही. शिंकलं तर इद्रीसचा पारा चढतो.

असा एखादा नमुना तुमच्याही ऑफिसात असेल, मंडळी. उपास त्याचा आणि पथ्य मात्र साऱ्यांनी पाळायचं. चतुर्थीवाला घ्या, नवरात्रवाला घ्या, रोजेवाला घ्या. धर्म बदलतो, कपाळावरची आठी तीच राहते. आपण जेवलो नाही यात समोरच्याचाच काहीतरी गुन्हा आहे अशा नजरेनं हा माणूस दिवसभर बघत असतो. आणि आपणही बिचारे गुपचूप डबा उचलून जिन्याखाली जाऊन खातो.

इद्रीस तसा लाखात एक माणूस. वय चौतीस. छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दुकानाच्या उद्घाटनाची आमंत्रणं जुळवायचं काम त्याचं. हात इतका साफ की गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, इद्रीसभाऊ आहेत का? अकरा महिने त्याच्याइतका गोड बोलणारा माणूस गोळीबार चौकापासून इतवारीपर्यंत शोधून सापडायचा नाही. बारावा महिना लागला की संपलं. पत्रिकेत नवरदेवाच्या मामाचं नाव चुकलं, का चुकलं? "रोजा आहे माहा." सकाळी अकराला आला, उशीर का? "रोजा आहे माहा." दुपारी दोनला कीबोर्डावर डोकं ठेवून घोरायला लागला, तर त्याबद्दल कोणी विचारायचंच नाही.

कार्डं कापायचं आणि घड्या घालायचं काम रंभाबाई पाहतात. साठीच्या आहेत, जिभेला धार आहे. त्या म्हणायच्या, "माहे सोळा सोमवार झाले गा इद्रीसभाऊ, पण मी कोणाच्या अंगावर धावून नाही गेली."

"मावशी, तुमच्या उपासाले साबुदाणा चालते. आमचं पाणीसुद्धा बंद राहते."

"पाणी बंद राहते ना? मंग तोंड काहून सुरू राहते?"

इद्रीस हेडफोन कानात खुपसायचा.

पण एक गोष्ट मानायला पाहिजे. बाराव्या वर्षी त्यानं पहिला रोजा ठेवला, आणि त्यानंतरच्या बावीस वर्षांत एकही सोडला नाही. मे महिन्याच्या उन्हात ठेवले, दहावीच्या सहामाहीत ठेवले, बहिणीच्या लग्नाच्या धावपळीत ठेवले. याचा त्याला फार अभिमान. नमाजचं विचारलं की मात्र तो गडबडायचा. ईदची तेवढी पढायचा, तीही शेवटच्या रांगेत, चपला दिसतील अशा जागी. पहाटे सहरी, म्हणजे रोजाआधीचं जेवण, खाऊन तो पांघरूण ओढायचा, आणि फजरची अजान, म्हणजे पहाटेच्या नमाजची हाक, त्या पांघरुणावरून निघून जायची. बाकीच्या चार नमाजा कुठं गेल्या हे त्यालाही ठाऊक नसायचं.

यंदा रमजानच्या आठवडाभर आधी हाजरा आपा छापखान्यात आल्या. आपा उमरेडकडच्या, उर्दू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आता नागपुरात लेकीजवळ राहतात. त्यांचे यजमान उमरेडजवळच्या कोळसा खाणीत ओव्हरसियर होते. ते गेल्यापासून दरवर्षी त्यांच्या नावानं आपा रमजानच्या वेळापत्रकाची कार्डं छापून फुकट वाटतात. सहरी कधी संपते आणि इफ्तार कधी होते, म्हणजे रोजा कधी लागतो आणि कधी सुटतो, एवढंच त्यात असतं. बहुतेक कार्डं शहरात जातात आणि थोडी खाणीच्या वसाहतीत. तिथं चाळीस मुसलमान घरं आहेत, आणि मशीद एवढी दूर की अजान ऐकू येत नाही. त्या घरांना कार्डाचाच आधार.

इद्रीसनं कार्ड झकास बनवलं. हिरवी वेलबुट्टी, वर चंद्रकोर, खाली यजमानांचं नाव. आठशे कार्डं छापून झाली, वाटून झाली, वसाहतीची उमरेडच्या एसटीनं पोचलीसुद्धा.

चंद्र दिसला. दुसऱ्या दिवशी पहिला रोजा.

पहिल्या रोजाची इफ्तारी छापखान्याकडून द्यायची, हा मारोतरावांच्या वडिलांपासूनचा रिवाज आहे. संध्याकाळी सहाला मारोतरावांनी मशीन बंद केलं. टेबलावर पेपर अंथरून त्यावर खजूर, संत्र्याच्या फोडी आणि मूगभज्यांचा ढीग मांडला. रंभाबाई रूह अफजाचं सरबत ढवळत बसल्या. इद्रीसची नजर भिंतीवरच्या आपल्याच कार्डावर. सहा वाजून सहा मिनिटं झाली आणि त्यानं खजूर तोंडात टाकला.

"अजान नाही झाली गा अजून," रंभाबाई म्हणाल्या.

"मावशी, कार्ड कोणं बनवलं? म्या. आता भजे इकडे सरकवा."

सात भजी गेली, सरबताचा एक ग्लास गेला, तरी अजान नाही. इद्रीसला आता पोटभर अन्न मिळालं होतं, आणि पोट भरलेल्या माणसाला दुसऱ्याची कीव फार लवकर येते.

"मशिदीतल्या चाचाले डुलकी लागली असंल," तो उठत म्हणाला. "तिथं तीनशे माणसं उपाशी बसली असतील ना! थांबा, सांगूनच येतो." आणि भिंतीवरचं कार्ड खिळ्यावरून काढून, पुरावा म्हणून हातात धरून, तो दोन गल्ल्या पलीकडच्या मशिदीकडे तरातरा निघाला.

मशिदीत सारे जण जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाच्या दोन्ही बाजूंना बसले होते. प्रत्येकाच्या हातात एकेक खजूर. अजान देणारे मुअज्जिन चाचा दारात उभे राहून पश्चिमेकडे पाहत होते. इद्रीसनं लांबूनच सुरू केलं, "चाचा, कवाची वेळ झाली! सहा सहाचा टाइम आहे. लोकांले उपाशी माराल का?"

चाचा सत्तरीचे. त्यांनी सावकाश वळून पाहिलं. इद्रीसच्या मिशीला भज्याचा चुरा लागलेला होता.

"बेटा, सूरज को भी कार्ड दिखाया क्या?" त्यांनी विचारलं.

बसलेल्यांत खसखस पिकली. चाचांनी कार्ड हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि मान हलवली. "ये तो रायपूर का टाइम है. छह साल वहाँ अजान दी है मैंने. अपने यहाँ अभी तीन मिनट बाकी हैं."

इद्रीसच्या आता लक्षात आलं. आपांचं कार्ड बनवलं त्याच आठवड्यात रायपूरच्या एका गिऱ्हाइकाचंही रमजानचं कार्ड छापखान्यात होतं. त्यातलाच वेळांचा तक्ता उचलून त्यानं आपांच्या कार्डात बसवला होता. वेळा त्या वेळाच, त्यात काय फरक, असं त्याला वाटलं होतं. पण रायपूर पडतं पूर्वेला. तिथं सूर्य नागपूरच्या दहा मिनिटं आधी मावळतो. दिवसातून एकदा जरी तो नमाजला उभा राहत असता, तर ते आकडे पाहून त्याला लगेच खटकलं असतं. पण ज्यानं मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजची वेळ वर्षानुवर्षं पाहिलीच नाही, त्याला ते कळायचं कसं?

दस्तरखानावर हार्डवेअरवाले जब्बार शेठ बसले होते. पाच वेळचे पक्के नमाजी, आणि ते पक्के आहेत हे दुसऱ्यांना सांगण्यात त्याहून पक्के. ते म्हणाले, "क्या इद्रीस? साल भर मस्जिद का रास्ता मालूम नहीं, और आज टाइम सिखाने आए? बिना नमाज का रोजा मतलब खाली फाका. छोड़ दो मियाँ, क्यों भूखे मरते हो?"

या वेळी हशा जरा मोठा झाला. तेवढ्यात सहा सोळा झाले, चाचांनी अजान दिली, तीनशे हात एकदम तोंडाकडे गेले. मग सगळे नमाजला रांगेत उभे राहू लागले. इद्रीस मात्र उलट्या दिशेनं बाहेर पडला. चपला घालताना त्याला कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा धीर झाला नाही.

छापखान्यात परत येऊन तो खुर्चीत बसला, ते मान खाली घालूनच.

"बावीस वर्षांत एक रोजा नाही तुटला, मारोतराव. आज माह्याच हातानं तुटला." त्यानं कीबोर्ड बाजूला सारला. "उद्यापासून ठेवतच नाही. जब्बार शेठ बरोबर बोलले. नमाज नाही तर रोजा कायले?"

मारोतरावांना यातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नसलेल्या गोष्टीत सल्ला द्यायचा नाही एवढी समज त्यांना होती. त्यांनी फक्त छापखानेवाल्याचा प्रश्न विचारला. "ते राहू दे. बाकीची कार्डं कुठं कुठं गेली?"

इद्रीसनं मान वर केली. शहरातल्या लोकांना अजान ऐकू येते, ते वाचले. पण वसाहतीतली चाळीस घरं? ती बिचारी कार्ड बघूनच बसली असणार. आपला एक रोजा गेला ते गेला, पण त्या चाळीस घरांचा आज गेला असेल, उद्याही जाईल, परवाही. आणि त्यांना पत्ताच नसेल! तो तसाच उठला आणि आपांच्या घराकडे पळत सुटला.

आपा नुकतीच नमाज आटोपून जानमाज, म्हणजे नमाजची चटई, घडी करत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील, ओरडतील, निदान कपाळावर हात तरी मारतील असं इद्रीसला वाटलं होतं. त्यांनी वसाहतीतल्या मुनीर फिटरला फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला.

"मुनीर, रोजा कवा सोडला गा आज?"

"सहा सहाले, आपा. कार्डाबरहुकूम. अन् कार्ड लय छान झालं. पोरांनी फ्रिजवर चिकटवलं. बनवणाऱ्याले माहा सलाम सांगजा."

आपांनी इद्रीसकडे पाहिलं. इद्रीस भिंतीकडे पाहत होता.

"सांगते," आपा म्हणाल्या. "अन् ऐक. उद्या ते कार्ड पाहून रोजा सोडू नका. सांजच्याले माणूस येऊन राहिला तिकडे. तो आला का सगळ्यांले एका जागी बोलाव." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "तूच जा. तुह्या तोंडानं सांग. फोनवर सांगणं सोपं आहे, म्हणून नाही सांगितलं."

"जातो आपा. पण रोजा नाही ठेवत उद्यापासून."

"काहून?"

त्यानं जब्बार शेठचं बोलणं सांगितलं. आपा ऐकून हसल्या, आणि चांगल्या खळखळून हसल्या.

"जब्बार काय वरच्या दरबारातला बाबू आहे का, तुहा अर्ज नामंजूर करायले? रोजा तू ज्याच्यासाठी ठेवला, कबूल करणारा तो. त्यात जब्बार कोण अन् मी कोण? ऐक, इद्रीस. रोजा ठेवला म्हणून नमाज माफ होत नाही. अन् नमाज सुटली म्हणून रोजाही सोडून दे, हे कोणं सांगितलं? एक पोरगं शाळेतून पळालं तर दुसऱ्यालेही घरी बसवतेत का?"

"मंग दोन्हीचा संबंध काय? मी तर समजलो, हे वेगळं, ते वेगळं."

आपांच्यातली शाळेतली बाई आता जागी झाली. अडतीस वर्षं शिकवलेलं, ते काय सुटतं?

"सांग बरं, रोजा लागते कवा?"

"सहरी संपली का."

"अन् सहरी संपते कवा?"

"कार्डावर पाहून…"

"तुहं कार्ड ठेव बाजूले."

इद्रीस ओशाळला. "फजरची वेळ लागली का."

"अन् सुटते कवा?"

"मगरिबले."

"म्हणजे एक टोक फजरच्या खुंटीले, दुसरं मगरिबच्या खुंटीले. तू दोन्ही खुंट्या उपटून टाकल्या अन् दोरी हवेत धरून उभा आहे बावीस वर्षं. हात दुखणारच, गा! मंग चिडचिड होणार नाही तर काय होईल? रोजा सांगते, सोड. खाणं सोड, पिणं सोड, वाईट बोलणं सोड. पण कोणासाठी सोडलं, हे दुपारी चार वाजेपर्यंत आठवलं तर पाहिजे. भुकेल्या माणसाले फक्त भूक आठवते. म्हणून मधात जोहर आहे दुपारची, असर आहे कलत्या उन्हाची. दोन मिनिटं थांब, वुजू कर, तोंडावर पाणी मार, आठव का तू काहून उपाशी आहे. तुह्या मावशीवर, मारोतरावांवर खेकसण्यासाठी उपाशी आहे का?"

छापखान्यातल्या गोष्टी आपांपर्यंत पोचल्या होत्या तर! रंभाबाई आणि आपा एकाच भाजीवालीकडे जातात, हे इद्रीस विसरला होता.

मग तो जे बोलला ते त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. "आपा, खरं सांगू? जायची इच्छा होते. पण एकदा सुटली ना, का परत जायची लाज वाटते. दारात पाय ठेवला का लोक म्हणतात, आला रमजानचा नमाजी. चार दिवस दिसंल, मंग गायब. ते ऐकलं का पाय मागं फिरतेत."

आपांचं हसू मावळलं. "हे मात्र आमचंच पाप आहे, बाबू. येणाऱ्याले जागा द्यायची सोडून आम्ही त्याले टोमणे देतो. पण तू लोकांसाठी चालला का तिथं? उद्या फजरले जा. लाज वाटली तरी जा."

पहाटे इद्रीस गेला. सहरी झाली आणि पांघरुणाकडे न बघता तो घराबाहेर पडला, कारण बघितलं असतं तर झोपलाच असता. मशिदीत रांगा लागत होत्या. तो सवयीनं शेवटच्या रांगेकडे वळला, पण मुअज्जिन चाचांनी हात धरून त्याला पुढं आणलं, नेमकं जब्बार शेठच्या बाजूला. शेठनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. चाचांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. शेठनी तोंड मिटलं आणि सरकून जागा केली. सरकल्यावर, का कोण जाणे, त्यांनी इद्रीसच्या खांद्यावर हात ठेवून हलकेच दाबला. माणसं अगदीच वाईट नसतात, मंडळी, त्यांना कोणीतरी वेळेवर रोखावं लागतं.

सकाळी सातला छापखान्याचं शटर वर गेलं. मारोतराव स्वतः मशीनवर उभे राहिले. आपा इद्रीसच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि फजरनंतर चाचांनी दिलेल्या वेळांच्या तक्त्यावरून एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेल्या. या नव्या कार्डात दोनच रकाने नव्हते, पाचही नमाजांच्या वेळा होत्या. इद्रीसच म्हणाला होता, टाकू आपा, वेलबुट्टी कमी करतो. दुपारी जोहरला तो दहा मिनिटं जाऊन आला. रंभाबाईंनी त्या दिवशी मुद्दाम दोनदा चुकीचं कटिंग दाखवून त्याची परीक्षा घेतली. तो एकदाही खेकसला नाही. "असू द्या मावशी, पुन्हा काढतो," एवढंच म्हणाला. रंभाबाई मारोतरावांना हळूच म्हणाल्या, "तब्येत बरी आहे ना याची?"

तीनच्या उमरेड एसटीत तो कार्डांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसला. उमरेडच्या स्टँडवर उतरून कोपऱ्यात पेपर अंथरून त्यानं असर पढली आणि तिथून ऑटोनं वसाहतीत पोचला. साडेपाच झाले होते.

मुनीर फिटरनं सांगितल्याप्रमाणे सगळ्यांना पाण्याच्या टाकीजवळच्या मोकळ्या जागेत बोलावून ठेवलं होतं. ड्यूटीवरून आलेले पुरुष, दाराशी बसलेल्या बायका, पोरं. दूर क्षितिजाला खाणीतून काढलेल्या मातीचा बुटका ढिगारा, आणि त्याच्यावर कललेला सूर्य. इद्रीसनं कार्डांचा गठ्ठा खाली ठेवला.

"कार्ड म्या बनवलं," तो म्हणाला. "आपांची काही चूक नाही. म्या रायपूरच्या वेळा टाकल्या, पाहिलंसुद्धा नाही. आपल्या इथं काल सहा सोळाले सूर्य बुडाला. तुम्ही सहा सहाले रोजा सोडला."

मग एका तरण्या बाईनं विचारलं, "म्हणजे कालचा रोजा गेला आमचा?"

"गेला. माहाही गेला. ईदनंतर एक भरून काढावा लागंल. तुमच्या चाळीस घरांचा रोजा माह्या हातून गेला. मले माफ करा."

पुरुषांत कुजबुज सुरू झाली. एक जण चिडून म्हणाला, आठ तास खाणीत राबून ठेवलेला रोजा होता तो. इद्रीसनं मान खाली घातली. म्हणेल तो माणूस, त्याचा हक्कच आहे. तेवढ्यात मुनीर फिटरनं कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, हनीफाबी!"

सगळ्यांच्या माना एकदम एका खाटेकडे वळल्या. तिथं सत्तरी उलटलेली एक म्हातारी तसबीहचे मणी ओढत बसली होती. हनीफाबी, वसाहतीतली सगळ्यांत जुनी बाई.

"काल ही सांगून राहिली होती," मुनीर म्हणाला. "म्हणे, सूर्य अजून ढिगाऱ्यावर दिसते, रोजा सोडू नका. आम्ही म्हटलं, आपांच्या कार्डापेक्षा तुले जास्त समजते का? तुले दिसत नाही नीट, बस गुपचूप."

"मले दिसत नाही?" हनीफाबी खाटेवरून म्हणाली. "पन्नास वर्षं झाली, रोज मगरिबले मी याच जागी जानमाज टाकते. सूर्य कुठं बुडते अन् कवा बुडते हे मले नाही तर कोणाले माहीत? तुम्ही भजे खाऊन राहिले होते, मी खजूर हातात धरून बसली होती. तो बुडाला, तवाच खाल्ला."

कोणाला हसू फुटलं आधी, सांगता येत नाही. बहुधा त्या चिडलेल्या माणसालाच. मग सगळ्यांनाच फुटलं, आणि इद्रीस हसता हसता डोळे पुसायला लागला. ही बाई शाळेत गेली नव्हती. तिला कार्ड वाचता येत नव्हतं. तिला फक्त रोज त्या वेळेला उभं राहायची सवय होती, आणि अख्ख्या वसाहतीला फसवलेलं कार्ड तिला एका दिवसासाठीही फसवू शकलं नाही.

मुनीर पुढं आला. "भाऊ, तू एकटाच कायले माफी मागतं? कार्ड तुहं चुकलं, पण सूर्य तर आमच्या डोळ्यांसमोर होता. आम्ही तरी आभाळाकडे कुठं पाहिलं? आमचंही लक्ष ताटाकडेच होतं."

"आज सगळे इथंच बसा," हनीफाबीनं हुकूम सोडला. "घरात कोणी जाऊ नका. बायका माह्या मागं, माणसं तिकडे पुढं."

खजुराच्या थाळ्या बाहेर आल्या. चाळीस घरं टाकीजवळ बसून सूर्याकडे पाहत राहिली. तो ढिगाऱ्याला टेकला, अर्धा झाला, बोटाएवढा उरला आणि गेला. रोजा सुटला. मग नळावर वुजूसाठी गर्दी झाली, ओल्या हातांनी सतरंज्या अंथरल्या गेल्या, आणि ज्यांनी वर्ष-वर्ष मगरिब पढली नव्हती असे कितीतरी जण त्या रांगांत उभे राहिले. कोणी कोणाला काही बोललं नाही, सगळे सरकत राहिले आणि येणाऱ्याला जागा मिळत गेली. इद्रीस मुनीरच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. त्याला एक दुआ मध्येच आठवेना, तेव्हा त्यानं शेजारच्याच्या ओठांकडे पाहिलं आणि पुढं चालू ठेवलं.

मंडळी, उपास तुमचा रमजानचा असो की श्रावणाचा, ही गोष्ट तुमचीही आहे. उपास आपल्याला सोडायला शिकवतो, आणि कोणासाठी सोडलं याची रोजची आठवण प्रार्थना करून देते. आठवण गेली की उपासाची नुसती भूक उरते, आणि भुकेला फक्त ताट दिसतं. म्हणून ज्याच्याजवळ एक आहे त्यानं दुसरं जोडावं. आणि ज्याच्याकडून एक सुटलं आहे, त्याला दुसरंही सोड म्हणायचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही. चाळीस घरांच्या त्या वसाहतीत पहिल्या दिवशी एकच रोजा टिकला, रोज नमाजला उभ्या राहणाऱ्या बाईचा. दुसऱ्या दिवशी ती एकटी उरली नाही, कारण बाकीच्यांना कोणी हाकललं नाही. तिनं त्यांना आपल्याजवळ बसवून घेतलं.